खालचे दोन सुळे राखून कवळी: दहा-पंधरा वर्षांनी त्या मुळांचं काय होतं?

मालवी_लॅब (इंदूर)

लॅबमध्ये खालच्या पूर्ण कवळीची मापं रोज येतात. बऱ्याच केसेसमध्ये शेवटपर्यंत टिकलेले दात म्हणजे खालचे दोन सुळे, दातांच्या क्रमांकांत ३३ आणि ४३. कवळी "सरळ" करता यावी म्हणून तेही काढून टाकतात आणि मग माप पाठवतात. त्याच सुळ्यांचं रूट कॅनाल करून, हिरडीलगत कापून, वरून कवळी बसवता आली असती. म्हणजे ओव्हरडेंचर.

कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: "चार-पाच वर्षांत ती मुळं किडतात, मग दुप्पट काम." कॉलेजात मात्र सगळीकडे मुळं राखा असंच शिकवतात. तेव्हा जाणकारांनी सांगावं. लांबच्या पल्ल्यात किती मुळं टिकतात? जातात ती कशाने? मूळ उघडं ठेवावं की वर धातूची टोपी चढवावी? कवळी मुळाला अडकवणाऱ्या जोडण्या, म्हणजे बॉल, लोकेटर वगैरे, लावाव्यात का? आणि खास धंद्यातला प्रश्न: या कवळ्या नेमक्या मुळाच्या वरच का तुटतात?

इम्प्लांटवाल्यांचंही स्वागत आहे, पण "इम्प्लांट करा" एवढंच लिहून पळू नका.

नर्मदाजल

चांगला विषय. वाचतोय.

प्रॉस्थो_रामबाग (इंदूर)

"चार-पाच वर्षांत किडतात" हे देखभाल शून्य असेल तर खरं आहे. देखभाल असेल तर साफ खोटं.

आधी मुळं का राखायची ते. टॉलग्रेन यांचा १९७२ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. पूर्ण कवळ्या वापरणाऱ्यांचा २५ वर्षांपर्यंत पाठपुरावा केला, तेव्हा खालच्या जबड्याच्या पुढच्या भागातली हाडाची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट निघाली. दात काढल्यानंतरचं पहिलं वर्ष सर्वांत वाईट, पण झीज पुढेही थांबत नाही. आता १९७८ चा क्रम आणि रूनी यांचा अभ्यास बघा. पाच वर्षांत खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात पूर्ण कवळीवाल्यांचं हाड सरासरी ५.२ मिमी झिजलं, सुळ्यांची मुळं राखलेल्यांचं ०.६ मिमी. खालची कवळी मुळात घोड्याच्या नालासारख्या पट्टीवर बसते, त्यातले साडेचार मिलिमीटर म्हणजे तिची सगळी पकड.

आता मूळ प्रश्न. आयोवा विद्यापीठातल्या एटिंजर आणि कियान यांनी २००४ मध्ये छापलेला पाठपुरावा यात सर्वांत कामाचा. २७३ रुग्ण, ६६६ मुळं, जास्तीत जास्त २२ वर्षं. गेली १३३, म्हणजे २० टक्के. गेलेल्यांपैकी सर्वांत जास्त, सुमारे २९ टक्के, हिरडी आणि हाडाच्या रोगाने. त्याखालोखाल सुमारे १९ टक्के मुळाच्या टोकाशी झालेल्या संसर्गाने. कीड तिसरी, साडेसोळा टक्के. म्हणजे ज्या किडीच्या भीतीने सुळे काढतात ती कारणांच्या यादीत पहिलीसुद्धा नाही.

पण हे आकडे जसेच्या तसे इंदूरला लावू नका. ते रुग्ण विद्यापीठाच्या नियमित तपासणीत होते आणि त्यांना रोज फ्लोराइड जेल लावायला दिलेलं होतं. शिवाय "२२ वर्षांपर्यंत" याचा अर्थ सगळे २२ वर्षं बघितले असा नाही, काही जण दोन-तीन वर्षांतच यादीतून बाहेर गेलेले असतात.

शेव_गाठी

बाकी सगळं ठीक, सराफा बाजारात गराडू (तळलेला कंद) खाता येईल का तेवढं सांगा. आकडे नंतर वाचतो.

लष्करचा_बाळू (ग्वाल्हेर)

एक शंका. मुळं ठेवली की चावताना दाताची "जाणीव" राहते असं वाचलं होतं. पण रूट कॅनालमध्ये नस काढूनच टाकतात ना? मग जाणीव कसली?

प्रॉस्थो_रामबाग (इंदूर)

नस दाताच्या आत असते, तिचं काम ठणका आणि थंड-गरम कळवणं. दाब कळतो तो मुळाभोवतीच्या तंतूंना, ज्यांनी दात हाडाला टांगलेला असतो. रूट कॅनालने ते तंतू जात नाहीत, दात उपटला की जातात. नैसर्गिक दातांमध्ये साधारण २० मायक्रॉनचा पापुद्राही जाणवतो. नुसत्या हिरडीवरच्या पूर्ण कवळीला त्याच्या अनेक पट जाड काहीतरी लागतं. भातातला खडा कवळीखाली येण्याआधी कळणं आणि आल्यावर कळणं यातला फरक तो हाच.

आरसीटी_वाली (पुणे)

पायऱ्या लिहिते, कारण बरीच मुळं कवळी बसायच्या आधीच हरलेली असतात.

निवड: सुळे सर्वांत चांगले, मूळ लांब आणि जागा कमानीच्या वळणावर. त्यानंतर उपदाढा. दोन्ही बाजूंना एकेक हवं. शेजारशेजारचे दोन दात ठेवू नयेत, मधली हिरडी साफ करता येत नाही आणि तिथूनच सुरुवात होते. मुळाभोवती निदान ५-६ मिमी हाड आणि चहूबाजूंनी घट्ट, हाडाला चिकटलेल्या हिरडीची पट्टी पाहिजे. हलणारा दात लगेच बाद करू नका. समजा हाडाबाहेर १० मिमी आणि हाडात १० मिमी आहे. वरचे ८ मिमी कापले की तरफ दोन मिलिमीटरची उरते. पहिल्या श्रेणीचं हलणं त्यानंतर बहुधा कमी होतं. तिसऱ्या श्रेणीचा, खाली-वर होणारा दात मात्र काढावा.

रूट कॅनाल: खालच्या सुळ्याला एकच कालवा असेल असं गृहीत धरू नका, काहींना दोन असतात. म्हाताऱ्या दातांत कालवा चुन्याने जवळजवळ बुजलेला असतो. तो टोकापर्यंत उघडता आला नाही आणि एक्स-रेत टोकाशी सावली असेल तर ते मूळ कवळीखाली दडपू नये.

कापणं: हिरडीच्या वर १ ते २ मिमी, घुमटाच्या आकारात, कडा गोल. सपाट कापलं की कडेला प्लाक साठतो आणि कवळीचा दाब कडेवर येतो. नंतर रबर पॉइंटने आरशासारखं पॉलिश. हे पॉलिश चुकवणारे फार.

तोंड बंद करणं: गटापर्चा (रूट कॅनालमध्ये भरलेला रबरासारखा पदार्थ) तोंडापासून ३-४ मिमी काढून तिथे अमाल्गम, काँपोझिट किंवा रेझिनयुक्त ग्लास आयनोमर भरा. बहुतेक जण इथे चुकतात. तात्पुरतं पांढरं सिमेंट भरून रुग्ण कवळीला पाठवला जातो, कवळी व्हायला दीड-दोन महिने लागतात आणि तेवढ्यात लाळ आत शिरून रूट कॅनाल वाया जातं. वर टोकाच्या संसर्गाचे जे १९ टक्के आलेत, त्यांना माझ्या मते हीच गळती जबाबदार असते.

दंतमंजन

सगळं मान्य, पण कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात झालेल्या २००२ च्या परिषदेने खालच्या दंतहीन जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हीच पहिली निवड ठरवली. पुढच्या भागातल्या इम्प्लांटचं दहा वर्षांचं टिकणं ९५ टक्क्यांच्या वर आहे. इम्प्लांटला कीड लागत नाही, रूट कॅनाल लागत नाही. मग ८० टक्क्यांच्या मागे का लागायचं?

(पळत नाहीये, इथेच आहे.)

प्रॉस्थो_रामबाग (इंदूर)

दंतमंजन, मॅकगिलचं मत दंतहीन जबड्यासाठी आहे. ज्याचे दोन सुळे शाबूत आहेत तो दंतहीन नाही, आपण त्याला दंतहीन करतोय. पूर्ण कवळी की इम्प्लांटवरची कवळी, हा त्या परिषदेचा प्रश्न होता. चांगलं मूळ काढून इम्प्लांट घाला असं तिथे कुणी म्हटलेलं नाही.

दुसरं म्हणजे क्रम. मूळ दहा वर्षांनी गेलं तर त्या जागी इम्प्लांट घालायला हाड शिल्लक असतं. उलटा रस्ता बंद आहे.

तिसरं, औषधं. ठिसूळ हाडांसाठी झोलेड्रोनिक आम्ल, अलेंड्रोनेट किंवा डेनोसुमॅब चालू असलेल्या आजी आता भरपूर येतात. त्यांचा दात उपटणं म्हणजे जबड्याचं हाड सडण्याचा धोका. कर्करोगासाठी जास्त मात्रा चालू असेल तर फारच. तोंडाच्या कर्करोगासाठी जबड्याला किरणोपचार झाला असेल तरी तसंच. तंबाखू-सुपारीमुळे आपल्या पट्ट्यात असे रुग्ण कमी नाहीत. अशा वेळी दात न उपटता वरचा भाग कापून (मुंडण करून) मूळ ठेवणं हाच सुरक्षित मार्ग, मग त्यावर कवळी बसवा न बसवा.

दंतमंजन

औषधांचा मुद्दा मान्य. पण ज्यांचा हात थरथरतो, दिसत कमी, साफसफाई दुसऱ्यावर अवलंबून, त्यांना उघडी मुळं देणं म्हणजे कीड पेरणं. तिथे माझं मत बदललेलं नाही.

आरसीटी_वाली (पुणे)

तो रुग्ण इम्प्लांटभोवतीही साफ करणार नाही. तिथे कीड लागत नाही, हाड जातं.

मांडवी_दरवाजा (वडोदरा)

मुळं हिरडीखाली पूर्ण गाडून वर टाके घालायची पद्धत होती ना? सत्तरच्या दशकात बरीच चालली. किडीचा प्रश्नच मिटतो.

प्रॉस्थो_रामबाग (इंदूर)

होती. हाड राखायला ती अजूनही वापरतात, विशेषतः पुलाच्या (ब्रिजच्या) खोट्या दाताखाली. कवळीखाली मात्र वरची हिरडी घासून पातळ होते आणि मूळ भोक पाडून वर डोकावतं. मग ना धड गाडलेलं ना धड उघडं. मूळ हाडाच्या कडेच्या २ मिमी खालपर्यंत कापलं आणि टाके ताण न देता बसले तर टिकतं, पण त्यासाठी हिरडी भरपूर लागते, आणि खालच्या जबड्यात तीच कमी असते.

खराद_कामगार (देवास)

मालवी_लॅब, तुटण्याबद्दल. दोन कारणं एकदम काम करतात.

पहिलं, जागा. घुमटाच्या वर अॅक्रिलिक (कवळीचं प्लास्टिक) निदान २ मिमी पाहिजे, त्याच्यावर दात. समोरचे, म्हणजे वरच्या जबड्यातले दात खाली आलेले असले की जागा मिळत नाही, मग कारागीर दात पोखरतो आणि मुळावर अॅक्रिलिक कागदाएवढं उरतं. मॉडेल हातात आल्यावर आधी बाईट (वरचे-खालचे दात मिटल्याची ठेवण) लावून घुमटापासून समोरच्या दातापर्यंतचं अंतर मोजा. लोकेटरसारख्या ठेंगण्या जोडणीला हिरडीपासून दाताच्या टोकापर्यंत साधारण साडेआठ-नऊ मिमी लागतात, बॉलला त्याहून एक-दोन जास्त. नसतील तर काम सुरू करायच्या आधी डॉक्टरांना फोन. घुमट अजून एक मिलिमीटर उतरवणं त्यांना पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरं, टेकू. दाबाखाली मूळ काही शतांश मिलिमीटर हलतं, हिरडी त्याच्या कित्येक पट दबते. मागच्या दाढांनी चावलं की कवळीची मागची टोकं खाली जातात आणि मुळावरची जागा वरच्या बाजूने ताणली जाते. तडा दातांच्या बाजूने सुरू होऊन आत उतरतो. म्हणून मजबुतीची जाळी किंवा ओतीव पट्टी घुमटाच्या वरून गेली पाहिजे. बहुतेक ठिकाणी तार जिभेच्या बाजूला खाली टाकलेली दिसते, म्हणजे मुळाला वळसा घालून. ती असून नसल्यासारखी. गोल गुळगुळीत तार तर अॅक्रिलिकला धरतही नाही, उलट तिच्या कडेने तडा जातो. कोबाल्ट-क्रोमचा ओतीव सांगाडा सर्वांत चांगला, तो नाही जमला तर भोकांची पट्टी, कडा खरबरीत करून.

आणि तुटलेली कवळी नुसती सेल्फ-क्युअरने (आपोआप घट्ट होणाऱ्या अॅक्रिलिकने) चिकटवून परत देऊ नका. हिरडी बसलेली असते, कवळी मुळांवर तोललेली असते. आधी रिलाइन (आतून नवा थर देऊन कवळी हिरडीला परत बसवणं), मग दुरुस्ती. नाहीतर त्याच जागी परत तुटणार.

मालवी_लॅब (इंदूर)

जाळी घुमटावरून न्यायची हे फार महत्त्वाचं सांगितलंत. इथे सर्रास जिभेच्या बाजूनेच टाकतात.

प्रॉस्थो_रामबाग (इंदूर)

देवासकरांच्या टेकूच्या मुद्द्याला जोडून, खुर्चीवरचं काम. कवळी बसवताना आतून दाब दाखवणारी पेस्ट किंवा पातळ सिलिकॉन लावून बघा. हलक्या दाबाने घुमटाच्या माथ्यावर जेमतेम टेकली पाहिजे, जोरात चावल्यावर नीट. घुमटाच्या उतारावर आणि हिरडीच्या कडेवर डाग दिसला की तिथे घासून मोकळीक द्या. कडेवरचा दाब राहिला तर महिन्याभरात मुळाभोवतीची हिरडी लाल, सुजलेली. मोकळीक जास्त झाली तर उलटा त्रास: हिरडी त्या पोकळीत वाढून मुळावर चढते, खाली खोल कप्पा तयार होतो. घासायला बारीक बर पुरतो, खोदकाम नको.

शेव_गाठी

माझा गराडू?

दातकोरणं_सप्लायर (उज्जैन)

शेव_गाठी, गराडू चालेल, आतून मऊ असतो. भुट्ट्याचा कीस तर उत्तमच. अडचण तुमच्या नावातच आहे. शेवेचा चुरा आणि पेरूच्या बिया कवळीखाली जाऊन घुमटाच्या खळग्यात बसतात. बी घुमटावर असताना चावलं की सगळा जोर एका टिंबावर. खाऊन झाल्यावर कवळी काढून चूळ, एवढं पुरे. ऊस सोलायला आणि सुपारी फोडायला मात्र ही कवळी नाही.

नर्मदाजल

इंदूरला १९७८ पासून नर्मदेचं पाणी आहे, पण धार-झाबुआकडे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड इतकं की दातांवर डाग पडतात. तिकडच्या लोकांची मुळं आपोआप सुरक्षित म्हणायची का?

हिरडी_रक्षक (नागपूर)

नाही. पिण्याच्या पाण्यातल्या जादा फ्लोराइडचे डाग लहानपणी दात बनत असताना पडतात. उघड्या मुळाला वाचवतो तो रोज थेट पृष्ठभागावर लागणारा फ्लोराइड. मुळावर एनॅमल नसतं. एनॅमल साधारण ५.५ पीएचला विरघळायला लागतं, मुळाचं डेंटिन त्याच्या बरंच आधी, सहा-साडेसहाच्या आसपासच. लाळ कमी असेल तर चहा-बिस्किटसुद्धा पुरतं. रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी, लघवीची औषधं यातली कित्येक तोंड कोरडं करतात, मधुमेह वेगळाच. मुळं ठेवायची की नाही हे ठरवताना एक्स-रे बघतात तसा औषधांचा डबाही बघावा.

रोजची पद्धत लिहितो, रुग्णाच्या घरच्यांना छापून द्यावी अशी.

रात्री कवळी काढायचीच. मऊ ब्रश आणि साध्या साबणाने घासायची, खाली पाण्याने भरलेलं भांडं ठेवून, म्हणजे हातून निसटली तरी तुटत नाही. टूथपेस्टने घासू नये, चरे पडतात. गरम पाणी नको, अॅक्रिलिक वाकतं. रात्रभर साध्या पाण्यात. ब्लीचच्या द्रावात दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि धातूचा सांगाडा किंवा जोडण्या असतील तर अजिबात नाही.

मुळं: एकाच गुच्छाचा छोटा ब्रश मिळतो. त्याने घुमट आणि हिरडीची कड गोल गोल, प्रत्येक मूळ निदान अर्धा मिनिट. आरशात बघून, कारण खालच्या ओठामागची बाजू नेहमी राहून जाते. कडेला थोडं रक्त आलं तर घासणं थांबवायचं नाही, वाढवायचं.

फ्लोराइड: भारतात टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमची मर्यादा आहे, ती उघड्या मुळांना अपुरी. डॉक्टरांकडून १.१ टक्का न्यूट्रल सोडियम फ्लोराइड जेल लिहून घ्यावं, त्यात सुमारे ५००० पीपीएम असतं. कवळी आतून पुसून कोरडी करायची, प्रत्येक खळग्यात एक थेंब, पाच मिनिटं घालून ठेवायची, मग थुंकायचं. अर्धा तास खाणं-पिणं नाही. आम्लयुक्त जेल नको, ग्लास आयनोमरचा पृष्ठभाग त्याने खरवडला जातो.

क्लोरहेक्सिडीन आठवडा-दोन आठवडे सूज उतरवायला ठीक, वर्षभर नाही. टूथपेस्टनंतर लगेच घेतलं तर त्याचा असर कमी होतो, अर्धा तास जाऊ द्यावा.

दातकोरणं_सप्लायर (उज्जैन)

जोडीला एक. घुमटावर कीड मऊ, पिवळसर दिसू लागली आणि रुग्ण ड्रिलला घाबरतोय, तर ३८ टक्के सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड. डाग काळाकुट्ट पडतो म्हणून पुढच्या दातांना लोक नको म्हणतात. इथे कवळीखाली कोण बघतंय!

हिरडी_रक्षक (नागपूर)

+१. लावताना ओठाला व्हॅसलीन आणि हिरडीला कापूस. सहा महिन्यांनी परत.

लष्करचा_बाळू (ग्वाल्हेर)

मूळ प्रश्न राहिला. धातूची टोपी की उघडं?

प्रॉस्थो_रामबाग (इंदूर)

टोपीने कीड थांबते ही समजूत आहे. कीड टोपीच्या कडेवर, मूळ आणि धातूच्या सांध्यात लागते, आणि टोपीखाली असल्याने उशिरा कळते. उघड्या घुमटावरची कीड आरशात दिसते आणि पंधरा मिनिटांत भरता येते. म्हणून साधा नियम: मूळ शाबूत, हिरडीच्या वर पुरेसं उरलेलं, रुग्ण साफ करणारा, तर उघडा पॉलिश केलेला घुमट. मूळ हिरडीच्या बरोबरीला किडलेलं, जुनं मोठं फिलिंग असलेलं, किंवा समोर जोरात घासणारे नैसर्गिक दात, तर पोस्टसकट (मुळात रोवलेल्या दांडीसकट) ओतीव टोपी. तिचीही उंची २ मिमीपेक्षा जास्त नको.

जोडण्यांचं म्हणाल तर त्या पकडीसाठी, मूळ वाचवण्यासाठी नाहीत. उलट प्रत्येक जोडणी मुळावर बाजूचा जोर वाढवते आणि तिच्याभोवती घाण साठते. हाड बरं असेल तर नुसत्या घुमटांवरची कवळीही पूर्ण कवळीपेक्षा पुष्कळ स्थिर बसते. आधी तशीच द्या, तीन-चार महिने वापरू द्या. रुग्णाला तेवढं पुरेसं वाटलं तर जोडणीचा खर्च आणि कटकट दोन्ही वाचली. बॉलचे रबरी रिंग सहा महिने ते वर्षभरात सैल पडतात. ते बदलणारं कुणी जवळ नसेल तर बॉल देऊच नये.

मांडवी_दरवाजा (वडोदरा)

चुंबक? बाजूचा जोर कमी येतो ना?

प्रॉस्थो_रामबाग (इंदूर)

येतो, म्हणून कमजोर मुळांना ते चांगलं. पण चुंबकाचं वेष्टण झिजून लाळ आत गेली की गंज आणि पकड गायब. आणि मुळात बसवलेली लोहाची चकती डोक्याच्या एमआरआयमध्ये चित्रावर काळा डाग पाडते. कवळीतला चुंबक काढून ठेवता येतो, मुळातली चकती नाही. रुग्णाच्या कागदांत तसं लिहून द्यावं, दहा वर्षांनी पक्षाघाताच्या वेळी कुणाला आठवणार?

आरसीटी_वाली (पुणे)

वरच्या जबड्याबद्दल सावध. आयोवाच्या अभ्यासात उभं फुटलेली मुळं बहुतांश वरची होती, आणि समोर खाली नैसर्गिक दात होते. उभी चीर गेलेलं मूळ वाचत नाही. लक्षण: एकाच बाजूला अरुंद, खोल कप्पा आणि हिरडीवर बारीक पुळी. वरच्या मुळांना पोस्ट घालताना जितका कमी डेंटिन खरवडाल तितकं बरं.

खराद_कामगार (देवास)

उलट बाजूही आहे. वर पूर्ण कवळी आणि खाली फक्त पुढचे नैसर्गिक दात, ही जोडी वरच्या पुढच्या हाडाची वाट लावते. केली यांनी १९७२ मध्ये मांडलेलं चित्र तेच: वर पुढे हिरडी लोंबती, मागे गाठी वाढलेल्या. खालचे सुळे तसेच उभे ठेवण्यापेक्षा कापून कवळीखाली घेतले की चावण्याचा जोर मागे दाढांवर वाटता येतो. अर्थात मागच्या दाढा नीट लावल्या तरच.

दंतमंजन

खर्चाचं कुणी बोलत नाही. दोन रूट कॅनाल, दोन टोप्या, वर सांगाड्याची कवळी. इम्प्लांटच्या जवळ जातं.

दातकोरणं_सप्लायर (उज्जैन)

उघडे घुमट ठेवले तर टोप्या आणि जोडण्या वजा. उरतात दोन रूट कॅनाल आणि कवळी, तीही पुढच्या एकमुळी दातांची. इंदूरमध्ये एमवाय रुग्णालयाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात (१९६१ पासूनचं) चौकशी करता येईल, फक्त हातात वेळ हवा. खाजगीत विचारताना रूट कॅनाल, तोंड बंद करणं, कवळी आणि सांगाडा यांचे दर वेगवेगळे लिहून घ्या. "ओव्हरडेंचर पॅकेज" या एका आकड्यात बॉल घुसलेला असतो.

मालवी_लॅब (इंदूर)

शेवटून दुसरा प्रश्न. मूळ गेलंच तर कवळी फेकायची का?

प्रॉस्थो_रामबाग (इंदूर)

नाही. मूळ काढायचं, त्याच दिवशी खळगा अॅक्रिलिकने भरून गुळगुळीत करायचा, म्हणजे जखमेवर टोक रुतत नाही. जखम भरली की रिलाइन. तोवर साधारण तीन महिने मऊ अस्तर. म्हणूनच कवळी पहिल्यापासून पूर्ण कवळीसारख्या लांबी-रुंदीची करायची, मुळं आहेत म्हणून कडा आखूड ठेवायच्या नाहीत.

तपासणी पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, सगळं ठीक असेल तर पुढे सहा. दर खेपेला चार गोष्टी: कप्प्याची खोली, घुमट खरखरतोय का, तोंड बंद केलेल्या भरणाची कड, आणि कवळी दोन्ही बाजूंनी आळीपाळीने दाबल्यावर डुलते का. डुलली की रिलाइन, मग रुग्ण तक्रार करो न करो. वर्षातून एकदा मुळाचा छोटा एक्स-रे. रिलाइन वेळेवर झालं नाही तर सगळा भार मुळांवर येतो आणि मग लोक म्हणतात, मुळं टिकली नाहीत.

मालवी_लॅब (इंदूर)

आणि शेवटचा. दोनपैकी एकच सुळा चांगला असेल, दुसरा काढावाच लागणार असेल, तर एकासाठी हा खटाटोप करावा का?

दंतमंजन

इथे मी "हो" म्हणेन, लोकांना धक्का बसेल. पण बॉल लावू नका.

प्रॉस्थो_रामबाग (इंदूर)

सहमत, चक्क दंतमंजनशी. एका मुळाभोवती कवळी फिरते, म्हणून जोडणी नको, नुसता ठेंगणा घुमट, उतारावर मोकळीक थोडी जास्त, आणि रिलाइनची तपासणी तीन महिन्यांवरच ठेवायची. त्या बाजूचं हाड तरी राहतं. दुसऱ्या बाजूला उपदाढेचं मूळ वाचण्यासारखं असेल तर काढण्याआधी तिचा एक्स-रे परत बघा, सुळ्याच्या नादात ती बरेचदा विनाकारण जाते.